कविता वाचताना थांबायचं कुठे?

कविसंमेलनात एखादी चांगली कविता पडली की दोष आवाजावर जातो. आवाज बारीक होता, माइक धड नव्हता, सभागृह घुमत होतं. पण नीट ऐकलं तर आवाज बहुतेक वेळा ठीकच असतो, चुकलेले असतात ते थांबे. वाचणारा श्वास संपेल तिथे थांबतो, अर्थ पुरा होतो तिथून सुसाट पुढे निघतो, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला, घाटातल्या एसटीने वळणावळणाला हॉर्न द्यावा तसा, एकच हेल काढतो. समोरच्यांना शब्द सगळे ऐकू येतात, वाक्य मात्र एकही हाती लागत नाही.

मराठीत हा घोटाळा जरा जास्त होतो, त्याला कारण आहे. आपण गाणं ‘म्हणतो’ आणि कविताही ‘म्हणतो’. क्रियापद एकच. शाळेत कविता शिकवली जाते ती चालीसकट. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी, माधव जूलियन, यशवंत, गिरीश यांनी, काव्यगायन इतकं लोकप्रिय केलं की कवीला गळा हवाच अशी समजूत बराच काळ टिकून राहिली. पुढे वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगावी काव्यवाचनाचे कार्यक्रम करून चालीशिवायची कविताही सभागृह धरून ठेवते हे दाखवून दिलं. आज मंचावर उभा राहणारा माणूस या दोन्ही परंपरांचा वारस आहे, आणि अडचण अशी की कानात चाल असते आणि हातात वाचायचा कागद.

चाल असली की थांबे तीच ठरवते. तान कुठे संपते, सम कुठे येते, हे आधीच बांधलेलं असतं. पोवाड्यात तर शाहिराला श्वास घ्यायला झीलकरी असतात. मागून ‘जी जी जी’ चालू असतं तेवढ्यात शाहीर पुढची कडी तोंडात जुळवून घेतो. काव्यवाचनात झीलकरी नाही, डफ नाही, पेटी नाही. रिकामी जागा दिसली की ती तुमचीच, आणि ती कुठे ठेवायची हे घरी ठरवून यावं लागतं.

सुरुवात अन्वयापासून करायची. संस्कृत श्लोक शिकवताना पंतोजी आधी अन्वय लावून घेत, तसंच. कवितेतली वाक्यं शोधायची आणि प्रत्येक वाक्य साध्या गद्यक्रमात एकदा मोठ्याने म्हणायचं. कर्ता कोण, क्रियापद कुठे, ‘जो’ला ‘तो’ कुठे भेटतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण ते टाळतात, विशेषतः कविता स्वतःची असेल तर. स्वतःची असली म्हणून काही बिघडत नाही, करून बघा. आपल्याच कवितेत क्रियापद नसलेली तीन-चार वाक्यं सापडतात.

अन्वय लागला की कवितेची वेगळी प्रत काढायची, ओळींमध्ये दीडपट अंतर सोडून, आणि पेन्सिल घ्यायची. एक तिरकी रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन रेघा म्हणजे पुरता थांबा. एका ओळीचा अर्थ पुढच्या ओळीत वाहत असेल तर टोकाला खालून कमान. श्वास जिथे घ्यायचा तिथे ओळीच्या वर टिकली. अधोरेखित करायचा शब्द दोन ओळींत एक, त्याहून जास्त नाही. सगळ्याच शब्दांवर जोर दिला की तो कुठेच दिलेला नसतो, आणि वाचन निवडणुकीच्या भाषणासारखं होतं.

केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ या सुनीताच्या, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेच्या, पहिल्या दोन ओळी घेऊ, कारण थांब्यांचे जवळजवळ सगळे प्रश्न त्या दोन ओळींत आहेत.

आम्ही कोण म्हणूनि काय पुससी? आम्ही असू लाडके
देवाचे, दिधले असे जग तये आम्हांस खेळावया

वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत १९ अक्षरं, ३० मात्रा (लघु अक्षराची एक, गुरूची दोन), आणि यती, म्हणजे वृत्तातला ठरलेला विसावा, बाराव्या अक्षरावर. पहिल्या ओळीत बारावं अक्षर म्हणजे ‘पुससी’तला ‘सी’. तिथे प्रश्नही संपतो. वृत्ताचा थांबा आणि अर्थाचा थांबा एकाच जागी, इतकं सोपं पुन्हा मिळत नाही. तिथे बिनदिक्कत दोन रेघा मारा. आता ओळीचं टोक: ‘आम्ही असू लाडके’. इथे नव्वद टक्के वाचक पूर्णविराम देतात, कारण ओळ संपली. पण लाडके कुणाचे? ‘देवाचे’. तो शब्द खालच्या ओळीत आहे. वर थांबलात तर ‘आम्ही लाडके आहोत’ एवढंच ऐकू येतं, जरा हास्यास्पद, आणि ‘देवाचे’ हा शब्द पुढच्या वाक्याला चिकटतो, म्हणजे देवाचे जे काही आहे ते दिधले असं काहीतरी. त्याउलट ‘लाडके देवाचे’ एका झपाट्यात म्हटलंत तर ओळच नाहीशी होते, यमकही हरवतं. उपाय असा: ‘लाडके’वर आवाज खाली उतरवायचा नाही, तो जिथे आहे तिथेच टांगून ठेवायचा, श्वास न घेता डोळ्याची पापणी लवेल एवढं थांबायचं, आणि ‘देवाचे’ म्हणून मग खरा थांबा घ्यायचा. ‘देवाचे’पुढचा स्वल्पविराम हाच या दोन ओळींतला दुसरा मोठा थांबा आहे, आणि तो ओळीच्या तिसऱ्याच अक्षरावर येतो. दुसऱ्या ओळीचा यती ‘तये’वर. तिथे अर्थ चालू आहे, ‘त्याने आम्हाला खेळायला’, म्हणून तिथे एकच रेघ, तीही फिकट.

सगळं गणित यातच आलं. थांबा किती लांब आहे यापेक्षा थांबताना आवाज वर आहे की खाली, यावर ऐकणाऱ्याला ‘संपलं’ की ‘पुढे आहे’ हे कळतं. खाली उतरलेला आवाज म्हणजे पूर्णविराम. ज्यांना प्रत्येक ओळीच्या टोकाला आवाज उतरवायची सवय आहे ते चौदा ओळींत चौदा वाक्यं संपवतात.

आता याच ओळींतली दुसरी अडचण. बोलताना आपण ‘कोण’ म्हणतो तेव्हा ‘ण’ पाय मोडून येतो. ‘काय’, ‘जग’, ‘आम्हांस’ यांचंही तेच. अक्षरगणवृत्तात मात्र प्रत्येक लिहिलेला अकार मोजलेला असतो. को-ण अशी दोन अक्षरं आहेत. बोलीप्रमाणे म्हटलंत तर १९ची १८ होतात आणि ओळ लंगडते. ‘जग तये’ तर आणखी नाजूक: ‘जग्‌ तये’ म्हटलं की ‘ज’ गुरू होतो आणि गण, म्हणजे तीन अक्षरांचा ठरलेला गट, मोडतो. पण उलटा अतिरेकही नको. शाळकरी पोरं ‘कोणऽ म्हणूनि कायऽ’ असं म्हणतात तेव्हा ‘अ’चा ‘आ’ होतो आणि ‘कोणा’ ऐकू येतं. ‘अ’ हवा, पण हलका. त्यावर बसायचं नाही, स्पर्श करून पुढे जायचं. सराव करताना आधी टाळीवर प्रत्येक अक्षर तोडून म्हणा, मग टाळी सोडून बोलल्यासारखं म्हणा, मग दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबा. आणि जोडाक्षर दिसलं की आधीचं अक्षर आपोआप जड झालं असं समजू नका. ‘कोण म्हणूनि’मध्ये ‘म्ह’ आहे, तरी आधीचा ‘ण’ लघुच राहतो. म्ह, न्ह, ल्ह यांचा मागच्या अक्षरावर मराठीत सहसा आघात होत नाही.

छंदात नेमकं उलट घडतं. माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथाने पद्याची वृत्त, जाती (म्हणजे मात्रावृत्तं) आणि छंद अशी वाटणी रूढ केली. छंदात फक्त अक्षरसंख्या बघायची, लघुगुरूचा क्रम नाही. अभंगाचा नेहमीचा साचा ६, ६, ६, ४. तुकोबांचं ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ मोजून पाहा. पहिल्या भागात सहा, दुसऱ्यात सात. चूक तुकोबांची नाही. ‘वन्‌चरें’ म्हणायचं, म्हणजे सहा. इथे बोलीतला उच्चार बरोबर आणि पुस्तकी उच्चार चूक. त्यामुळे कविता हाती आली की पहिला प्रश्न हाच: ही वृत्तात आहे, मात्रांत आहे, छंदात आहे की मोकळी? या एका उत्तरावर निम्मे उच्चार ठरतात.

मात्रावृत्तांत सगळ्यात घसरडी जागा आठ-आठ मात्रांच्या ओळीची. बालकवींची ‘फुलराणी’ सगळ्यांना पाठ असते, म्हणून ती वाचणं सगळ्यात अवघड. ‘हिरवे हिरवे गार गालिचे’ या ओळीत आठव्या मात्रेवर ‘हिरवे हिरवे’ संपतं आणि पुढचा ठेका ‘गार’वर पडतो. चालीत म्हणताना आपण म्हणतो ‘हिरवे हिरवे, गार गालिचे’, आणि गालिचे थंडगार होऊन बसतात. अर्थ आहे ‘हिरवेगार’. वाचताना ‘हिरवे’ आणि ‘गार’ यांच्यातला ठेका पुसून टाकायचा, आणि हवाच असेल तर ‘गार’नंतर केसाएवढी फट ठेवायची. पुढे ‘त्या सुंदर मखमालीवरती’: मोजलंत तर आठवी मात्रा ‘मख’वर संपते, म्हणजे शब्दाच्या पोटात. ठेक्यावर वाचणारा इथे ‘मख मालीवरती’ म्हणतो. एखाद्या कवितेत ठेका असा शब्द तोडताना आढळला की ती जागा कमान काढून जोडून ठेवा. अशा दोन-तीन जागा सांभाळल्या तरी सगळ्या कवितेची बडबडगीती चाल सुटते. ठेका मात्र मारायचा नाही, तो खालून वाहू द्यायचा. टेबलावर बोटाने ताल धरून, पण तोंडाने तालावर न पडता बोलायचा सराव केला की हे जमतं. दोन-तीन दिवस विचित्र वाटतं.

भुजंगप्रयाताचं दुखणं वेगळं. ‘मनाचे श्लोक’ सगळे त्याच वृत्तात, २०५ श्लोक, लगागा लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) अशी घोडदौड. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ या ओळीत चार गण आहेत आणि पहिल्या दोन गणांच्या टोकाला शब्द तुटतो: गणाधी-शजोई-शसर्वां. गणांवर म्हणून पाहा, अक्षरशः मंत्र वाटतो, अर्थ शून्य. सामुदायिक पठणात ते चालतं, नव्हे तिथे तीच गंमत आहे. एकट्याने सादर करताना ‘जो’पाशी थांबा.

मंदाक्रांता वाचणाऱ्यावर खूश असते. १७ अक्षरं, यती चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर, म्हणजे ४, ६, ७ असे तीन तुकडे. पहिल्यात चार गुरू, आठ मात्रा, संथ. दुसऱ्यात पाच लघु आणि एक गुरू, अक्षरं सहा पण मात्रा सातच, धावरे. तिसऱ्यात सात अक्षरांच्या बारा मात्रा, हेलकावे घेत टेकणारे. ‘मेघदूत’ सबंध याच वृत्तात आहे ते उगीच नाही, ढग आधी रेंगाळतो, मग वाऱ्यावर सुटतो, मग डोंगरावर टेकतो. हे वेग वृत्तातच बसवलेले आहेत, वाचणाऱ्याने वरून काही घालायचं नाही. चूक होते ती मधल्या पाच लघूंवर: प्रत्येक अक्षर सारख्याच वजनाने ओढलं की पाचाचे दहा होतात आणि ओळ वाटेत बसते.

ओवीत चौथा चरण आखूड आणि यमकाशिवाय. ‘तोषोनि मज द्यावें । पसायदान हें’. आखूड म्हणून वाचक तो गिळतो, पण मागणं तर तिथेच आहे! द्यावं काय, तर हे. तिसऱ्या चरणानंतर आवाज वर ठेवा आणि चौथा हळू म्हणा.

बहिणाबाईंच्या कवितांना दोन धोके. एक, चित्रपटगीतांमुळे काही कवितांच्या चाली घराघरांत बसल्या आहेत, आणि ‘अरे संसार संसार’ वाचायला घेतली की जीभ गायला लागते. यावर एकच उतारा: आठ-आठ अक्षरांच्या त्या ओळी चार दिवस सलग गद्यासारख्या बोलायच्या, शेजारणीला सांगितल्यासारख्या. ‘आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर’ हे वाक्य सांगण्याचंच आहे. दुसरा धोका बोलीचा. खानदेशाबाहेरचा वाचक ‘चुल्ह्यावर’, ‘तंव्हा’ असे दोन शब्द पाहून आख्ख्या कवितेला एक बनावट गावरान हेल लावतो, जो ना जळगावचा असतो ना कुठला. कागदावर जेवढी बोली लिहिली आहे तेवढीच उच्चारा, तीच पुरते.

मुक्तछंदात मोजायला मात्रा नाहीत, म्हणून लोकांना तो सोपा वाटतो. थांब्यांच्या दृष्टीने तोच सर्वांत कठीण. इथे ओळ कवीने स्वतःच्या मर्जीने तोडलेली असते, आणि तोडली का, हे ऐकू यायला हवं. उदाहरणापुरत्या चार ओळी जुळवतो:

आई बंबात ढलप्या घालते
धुराकडे बघते
आणि बोलत काही
नाही

शेवटची ओळतोड काढून ‘आणि बोलत काही नाही’ असं सरळ वाचलं तर ती बातमी होते. ‘काही’नंतर आवाज उतरवून थांबलात तर श्रोत्याला वाटतं आई काहीतरी बोलतेय, आणि ‘नाही’ हा धक्का होतो, जादूच्या प्रयोगासारखा. मधली वाट: ‘काही’वर आवाज सपाट, स्वल्पविरामाहून छोटा थांबा, मग ‘नाही’ त्याच उंचीवर, जोर न देता. असा थांबा किती लांब? मनातल्या मनात एक अक्षर म्हणण्याएवढा. प्रत्येक ओळतोडीला पूर्ण थांबा देणाऱ्यांची कविता तारेच्या मजकुरासारखी ऐकू येते, आणि एकाही ओळतोडीला न थांबणाऱ्यांची वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखी. दोन कडव्यांमधला कोरा भाग मात्र खरा थांबा आहे. तिथे पूर्ण श्वास घ्या, नजर उचला, दोन आकडे मोजा.

आपल्या भाषेची एक खोड इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठीत क्रियापद शेवटी, आणि नकार त्याहूनही शेवटी. ‘मी तुला कधीच विसरलो नाही’ या वाक्याचा सगळा अर्थ शेवटच्या दोन अक्षरांत. आणि श्वास नेमका तिथेच संपतो. मंचावरच्या धाकधुकीत श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, घरी सहज पेलणाऱ्या दोन ओळी तिथे एका दमात जात नाहीत, आवाज टोकाला विरतो, आणि मागच्या रांगेत ऐकू जातं ‘मी तुला कधीच विसरलो’. म्हणून श्वासाच्या टिकल्या घरच्या श्वासाने लावू नका. जिन्यावरून दोनदा चढ-उतार करून मग वाचा, जिथे दम तुटेल तिथल्या आधीच्या अर्थपूर्ण जागी टिकली लावा. आणि सरावाला प्रत्येक वाक्य उलट्या बाजूने जड करा: शेवटचे दोन शब्द सुरुवातीच्या शब्दांइतकेच मोठ्याने. ऐकताना आपल्यालाच ते जास्त वाटतं, सभागृहात बरोबर पोचतं.

गझलेचे थांबे वेगळ्या घराण्यातून आलेले आहेत. तिथे थांबा हाच अर्धा खेळ. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही मिसऱ्यांत (ओळींत) काफिया (यमक) आणि रदीफ (यमकापुढे जसाच्या तसा येणारा शब्द) येतात, श्रोत्याला गझलेची जमीन, म्हणजे तिचा साचा, तिथेच कळते, म्हणून मतला पूर्ण दोनदा म्हणावा. घाई करून मतला एकदाच म्हटला तर तिसऱ्या शेरापर्यंत लोक काफिया शोधत बसतात. पुढच्या प्रत्येक शेरात उला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, दोनदा: पहिल्यांदा साधा, दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दावर वजन देऊन. मग थांबायचं. हा थांबा इतका लांब हवा की समोरचे सानी मिसऱ्याचा, म्हणजे दुसऱ्या ओळीचा, अंदाज बांधू लागतील, पण इतका नको की अंदाज बांधून मोकळे होतील. सानी एका दमात. काफिया ऐकू आला की रदीफ सभागृह स्वतःच म्हणतं, तेव्हा तुम्ही मागे सरा. दाद चालू असताना पुढचा उला सुरू करणं ही नवख्यांची ठरलेली चूक, तो मिसरा वाया जातो.

‘गागालगा लगागा’ची दोन आवर्तनं असणाऱ्या आनंदकंद वृत्तात ओळ २४ मात्रांची आणि बरोबर बारावर विसावा. हा विसावा इतका नेमका आहे की सात शेर झाले की श्रोता झोपाळ्यावर बसल्यासारखा डुलतो आणि ऐकणं थांबवतो. प्रत्येक शेरात निदान एक मिसरा तो मधला विसावा झाकून म्हणा. तरन्नुमचा, म्हणजे चालीत म्हणण्याचा, मोह गळा असेल तरच. सुरेश भट तरन्नुममध्ये म्हणत, म्हणून प्रत्येकाने म्हणावं असं नाही. तरन्नुममध्ये सगळ्या शेरांना एकच चाल लागते, आणि चालीचा हेल रदीफवर येतो, म्हणजे सर्वांत कमी नवा शब्द सर्वांत जास्त वेळ ऐकू येतो. तहतमध्ये, म्हणजे चालीशिवाय, म्हणणाऱ्याला हा तोटा नाही.

मुशायऱ्यातली ही दोनदा म्हणायची रीत हल्ली मुक्तछंदात आणि अष्टाक्षरीतही शिरली आहे. तिथे तिचा काही उपयोग नाही. शेर दोन ओळींत संपतो म्हणून दुहेरी म्हणणं त्याला पेलतं. तीस ओळींच्या कवितेत प्रत्येक ओळ दोनदा ऐकवणं म्हणजे निव्वळ वेळ खाणं.

उच्चारांबद्दल थोडं. च, ज, झ यांचे दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत, त्यामुळे वाचताना फसगत होते. ‘चंद्र’ तालव्य, ‘चांदणं’ दंत्य. ‘माझा’तला झ दंत्य, ‘माझी’तला तालव्य. ‘चूल’, ‘चटका’, ‘जसा’ दंत्य. मराठी शाळेत न गेलेल्या, विशेषतः परदेशात वाढलेल्या मुलांकडून कविता बसवून घेताना दंत्य अक्षराखाली टिंब देऊन ठेवावं, बोलून बोलून दुरुस्त करण्यापेक्षा ते लवकर होतं. प, फ, ब, भ ही अक्षरं माइकवर फुटतात. ओळीच्या सुरुवातीलाच ‘फुलं’ किंवा ‘भाकर’ असेल तर तोंड किंचित बाजूला वळवून म्हणा. माइक तोंडापासून वीतभरापेक्षा थोडा कमी, हनुवटीच्या उंचीला, नाकासमोर नाही. फार जवळ घेतला की आवाजाला खर्ज चढतो, तो स्वतःला आवडतो, पण व्यंजनं बुडतात. पत्र्याच्या छताच्या सभागृहात आवाज घुमतो, तिथे सगळे थांबे दीडपट करा: मागच्या शब्दाचा घुमारा विरल्याशिवाय पुढचा शब्द टाकायचा नाही. ऑनलाइन वाचनात उलटं संकट: गोंगाट दाबणारी सोय लांब शांतता आली की माइक मिटवते आणि पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर खाते. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी.

कागद एका बाजूने छापलेला, अक्षर मोठं, १६ ते १८ पॉइंट, आणि पान कडव्याच्या मध्ये उलटावं लागणार नाही अशी मांडणी. पिन मारू नका, सुटी पानं सरकवता येतात, पिन मारलेली माइकसमोर फडफडतात. मोबाइलवरून वाचणाऱ्यांचं मला कळत नाही. स्क्रीन मधेच काळी होते, अंगठा चुकून लागला की तिसऱ्या कडव्यातून थेट आठव्यात, आणि कवितेच्या ऐन नाजूक जागी बँकेचा संदेश. वाचायचंच असेल तर विमान मोड, स्क्रीन मिटण्याची वेळ वाढवलेली, आणि एका कडव्याला एक चित्र करून ठेवलेलं.

पाठ असेल तरी कागद हातात असू द्या. पाठांतर फसतं ते ध्रुवपदापाशी. तीच ओळ चौथ्यांदा आली की जीभ दुसऱ्या कडव्याची वाट धरते, आणि माणूस त्याच चक्रात फिरतो. यासाठी फक्त प्रत्येक कडव्याचे पहिले दोन शब्द लिहिलेली चिठ्ठी पुरते. पाठ करताना शेवटच्या कडव्यापासून मागे मागे या. नाहीतर सुरुवात शंभरदा घोटली जाते आणि शेवट, जिथे लोक खरे ऐकत असतात, सर्वांत कच्चा राहतो. ध्रुवपदही चारही वेळा एकाच पट्टीत नको: पहिल्यांदा साधं, मधली दोन जलद, शेवटचं सर्वांत सावकाश.

वेळेचा हिशोब सगळे चुकवतात. शार्दूलविक्रीडितातली एक ओळ सावकाश वाचायला साधारण सात सेकंद. चौदा ओळींचं सुनीत थांब्यांसकट दोन मिनिटं. संयोजकांनी पाच मिनिटं दिली असतील तर वाचनाला साडेतीनच मिळतात, बाकी मंचावर येणं, माइक खाली-वर करणं, नमस्कार. म्हणजे दोन छोट्या कविता किंवा एक मध्यम. साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्यावर तर एकच. आणि त्या मोजक्या मिनिटांतली दोन ‘ही कविता मला पहाटे तीन वाजता सुचली’ यात घालवणारे दर वेळी भेटतात. प्रस्तावना हवीच असेल तर एका वाक्याची, आणि ती फक्त कवितेतला एखादा अपरिचित शब्द किंवा गावाचं नाव सांगण्यापुरती. दुसऱ्याची कविता असेल तर कवीचं नाव आधी सांगा, शेवटी टाळ्यांमध्ये ते कुणाला ऐकू येत नाही.

शीर्षक म्हटल्यावर दोन आकडे थांबा. समोरच्यांचे कान तुमच्या आवाजाला सरावायला एवढा वेळ लागतोच, आणि लगेच सुरू केलंत तर पहिली ओळ त्यात खर्ची पडते. शेवटी याच्या उलट. शेवटच्या ओळीत आवाज खाली आणायची एकमेव हक्काची जागा असते, ती आधी कुठे उधळलेली नसेल तर इथे बरोबर काम करते. शेवटचं अक्षर पूर्ण म्हणा, कागद हलवू नका, नजर आहे तिथेच ठेवा, तीन आकडे मोजा. ‘धन्यवाद’ त्यानंतर, आणि माइकपासून चेहरा दूर नेल्यावर.